दूध बघून येते

मोठ्या संकटात माणसे भांडत नाहीत; ती भांडतात डब्याच्या झाकणावरून. हा शोध काही माझा नव्हे. चार घरांत ज्याची ऊठबस आहे अशा कुणालाही तो लागलेला असतो. घरात आजारपण आले, नोकरीवर गदा आली, ठरलेले लग्न मोडले, की नवराबायको एकमेकांच्या जवळ सरकतात. आवाज आपोआप खाली येतात. हिशेबाची वही दोघे मिळून उघडतात. आणि सगळे काही सुरळीत चालू असताना, एखाद्या रविवारी सकाळी, पोटभर पोहे खाऊन झाल्यावर, वर्तमानपत्राची घडी कुणी उलटी घातली एवढ्या कारणावरून त्याच दोघांची अशी जुंपते, की शेजाऱ्यांनी नीट ऐकू यावे म्हणून आपला टीव्ही बंद करावा!

माझ्या सासूबाई पानशेतच्या पुराची एक हकिकत सांगत असत. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. सासूबाई तेव्हा बारा वर्षांच्या. नारायण पेठेतले त्यांचे बिऱ्हाड पाण्याखाली गेले आणि आई, वडील, तीन भावंडे अशी पाच माणसे महिनाभर एका नातलगाकडे एका खोलीत राहिली. "त्या महिन्यात आमच्यात कुणाचा आवाज म्हणून चढला नाही," सासूबाई सांगत. "आई म्हणायची, आधी तुम्ही जेवून घ्या. वडील म्हणायचे, आधी तू." पुढे नवे बिऱ्हाड झाले, भांडीकुंडी आली, स्वयंपाकघरात फोडणीचा वास दरवळू लागला, आणि पहिल्याच आठवड्यात दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. कारण काय, तर अडकित्ता! पाणी चढत असताना वडिलांनी घाईघाईने जे चार जिन्नस उचलले त्यांत पितळी अडकित्ता होता. आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा मात्र राहून गेली होती.

आपले आईवडील अडकित्त्यावरून भांडतात, एवढेच बारा वर्षांच्या मुलीला त्या वेळी समजले. ती अन्नपूर्णा आईला तिच्या आईने लग्नात दिली होती, आणि ती आजी त्याच वर्षी गेली होती, हा धागा सासूबाईंना जुळवता आला तो पुष्कळ पुढे, स्वतः सासरी आल्यावर, स्वतःच्या देव्हाऱ्यात माहेरची अन्नपूर्णा मांडल्यावर.

क्षुल्लक भांडणाचा विचार करताना मला हा अडकित्ता हटकून आठवतो. जे वर दिसते ते क्षुल्लक असते. ज्याला धक्का लागतो ते तसे नसते. भांड्याला भांडे लागणारच, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण एखादे भांडे लागताच नुसते वाजते, आणि एखाद्याला पोचा पडतो, कारण तिथला पत्रा आधीच पातळ झालेला असतो.

शाळेत वर्षे काढलेल्या माणसाला बाकाचा खिळा चांगला ठाऊक असतो. प्रत्येक वर्गात एखादे तरी बाक असे असते, की त्याच्या कडेला एक खिळा किंचित वर आलेला असतो. पाहायला गेले तर दिसत नाही. पण येताजाता कुणाच्या बाहीला अडकतो, कुणाचा झगा फाडतो. गंमत अशी, की वर्गातल्या मुलांना तो नेमका कुठे आहे हे माहीत असते. ती अंग चोरून बाजूने जातात. फाटते ते नव्याने आलेल्या मुलाचे. मग तो रडतो, बाकाला लाथ मारतो, आणि सगळा वर्ग हसतो.

माणसांच्या मनात असेच खिळे असतात. फरक एवढाच, की ज्याच्या मनात खिळा आहे त्यालाही पुष्कळदा त्याची जागा ठाऊक नसते. त्याला फक्त एवढेच जाणवते, की अमुक एक शब्द कानावर पडला, की तळपायाची आग मस्तकाला जाते.

आमच्या घरातले दोन खिळे मी सांगते. यांना कुणी "किती वाजता याल?" असे विचारले की खपत नसे. प्रश्न अगदी साधा. कुकर किती वाजता लावायचा एवढाच त्यातला मतलब. पण हे तडकत. "आलो की दिसेनच!" असे उत्तर येई, आणि दार जरा जोरात लागे. माझे म्हणाल, तर मी गॅसची शेगडी बंद करून बाहेर आले आणि यांनी मागाहून जाऊन बटणाला हात लावून पाहिला, की माझा सगळा दिवस बिघडे. त्यावर कुणी म्हणेल, यात रागावण्यासारखे काय आहे? काहीच नाही. तेच तर नवल!

२००६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर होता. तासन्‌तास वीज नसे. आमच्या लग्नाला तीन वर्षे झाली होती. अशाच एका रात्री आम्ही दोघे गच्चीवर बसलो होतो. अंधारात माणसाचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे काही गोष्टी विचारणे सोपे जाते. मी म्हटले, "एक विचारू? मी ‘किती वाजता याल’ म्हटलं, की तुम्हाला एवढा राग का येतो?"

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी शिकायला काकांकडे होतो ना. पाच मिनिटं उशीर झाला, की काका दारात उभे असायचे, हातात घड्याळ. बोलायचे काही नाहीत. नुसतं घड्याळ पुढं करायचे. मग मी खाली मान घालून आत जायचो." थोडे थांबून ते म्हणाले, "तुझा प्रश्न ऐकला, की मला तू दिसतच नाहीस. ते घड्याळ दिसतं."

मग माझी पाळी आली. मी लहानपणी रात्री दाराला कडी लावली, की माझे वडील उठून येत, मी लावलेली कडी काढत आणि पुन्हा स्वतः लावत. रागावत नसत. त्यांचा तो स्वभावच होता. पण घरात माझ्या हातचे एकही काम त्यांनी दुसऱ्यांदा केल्याशिवाय पुरे झाले असे मला कधी वाटले नाही. गॅसच्या बटणापाशी यांचा हात गेला, की मला कडीचा आवाज ऐकू येतो.

त्या रात्री वीज आली तेव्हा आम्हाला दोघांनाही ती थोडी लवकरच आली असे वाटले.

आता एखाद्या कादंबरीत हे प्रकरण इथे संपवता आले असते. दोघांना एकमेकांचे दुःख उमगले, पुढे ती सुखाने नांदली! कादंबऱ्या लिहिण्यात माझाही वेळ जातो, म्हणून मी हे खात्रीने सांगू शकते, की प्रकरण तिथे संपवणे सोयीचे असते, खरे नसते. पुढच्याच आठवड्यात मी "किती वाजता" म्हणाले, आणि यांच्या कपाळाची शीर उडाली. घड्याळाची हकिकत त्यांनाही ठाऊक होती, मलाही ठाऊक होती. पण ठाऊक असणे हे डोक्याचे काम, आणि राग डोक्याची वाट पाहत नाही.

याचे कारण शरीरात आहे. हार्वर्ड विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या पोटातल्या हालचाली पाहत होते. मांजर बिथरले, की पोटाचे काम थबकते असे त्यांच्या ध्यानात आले. तिथून त्यांनी पुष्कळ शोध घेतला, आणि १९१५ साली वेदना, भूक, भीती आणि संताप यांनी शरीरात काय काय उलथापालथ होते यावर एक ग्रंथच लिहिला. रागाच्या वेळी मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून एक रस रक्तात उतरतो, हृदय धडधडू लागते, स्नायूंकडे रक्त धावते, रक्तातली साखर वाढते. थोडक्यात, समोर वाघ आल्यावर लढायला किंवा पळायला जी तयारी लागते ती सगळी होते. शरीराला बिचाऱ्याला काय कळणार, की समोर वाघ नाही, उलटी घातलेली वर्तमानपत्राची घडी आहे! रागावलेल्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही हे आपल्या आज्यांना कॅननसाहेबांच्या आधीपासून माहीत होते. म्हणून तर जेवणाच्या पानावर कुणी तंटा काढला की त्या आधी त्याचे तोंड बंद करीत.

अलीकडच्या काळात अमेरिकेत जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी तर नवराबायकोंच्या भांडणाचीच प्रयोगशाळा काढली. सिएटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी एक राहते घर वाटावे अशी जागा सजवली, जोडप्यांना तिथे बोलावले, आणि नाडीचे ठोके मोजणारी यंत्रे लावून त्यांना आपल्या मतभेदाच्या विषयावर बोलायला सांगितले. त्यांना असे आढळले, की ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले, की माणसाला समोरच्याचे बोलणे नीटसे ऐकूच येत नाही. कान शाबूत असतात, पण अर्थ आत शिरत नाही. अशा वेळी एकदा त्यांनी एक युक्ती केली. यंत्रात थोडा बिघाड झाला आहे अशी बतावणी करून जोडप्यांना मध्येच थांबवले, आणि अर्धा तास त्या विषयावर न बोलता नुसती मासिके वाचत बसायला सांगितले. अर्ध्या तासाने नाडी खाली आली होती. आणि त्याच विषयावर तीच माणसे पुष्कळ शहाण्यासारखी बोलू लागली.

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार धीर देणारी वाटली. जोडप्यांच्या वादांपैकी शंभरात एकोणसत्तर वाद कधी सुटतच नाहीत, असे त्यांनी मोजून काढले आहे. सुखी जोडप्यांचेही सुटत नाहीत. एकाला खिडकी उघडी लागते, दुसऱ्याला बंद. एकाला पाहुणे आवडतात, दुसऱ्याला एकांत. ही माणसे वीस वर्षांनी त्याच विषयावर त्याच बाजूने बोलत असतात. ज्यांचे बरे चालते, त्यांच्यात फरक एवढाच, की वाद चालू असतानासुद्धा एका कडू बोलण्यामागे पाचएक गोड गोष्टी घडत असतात. एखादे हसू, एखादा "हो, तेही खरंच", खांद्यावर क्षणभर ठेवलेला हात. भांडण मिटवण्याचा जो आपला आटापिटा चालतो त्यातला बराचसा म्हणजे न सुटणारे गणित फळ्यावर पुन्हा पुन्हा मांडण्यासारखा आहे.

आमच्या घरी तो अर्धा तास सापडला तो मात्र कुठल्याही प्रयोगशाळेमुळे नव्हे. तो सापडला दुधामुळे.

एका लग्नाला जायचे होते आणि आहेराच्या पाकिटात पाचशे एक घालायचे की एक हजार एक, यावर आमची बोलाचाली सुरू झाली होती. शब्दाने शब्द वाढत होता. त्यांच्याकडच्यांनी आपल्याला काय दिले होते, तुमच्याकडच्यांनी काय दिले होते, अशी गाडी हळूहळू धोक्याच्या वळणावर येत होती. इतक्यात करपल्याचा वास आला. "अगंबाई, दूध!" म्हणून मी धावले. ओटाभर दूध झाले होते. मी गॅस बंद केला, पुसायला फडके शोधू लागले, तोच हे मोरीतले फडके घेऊन मागे उभे. दोघांनी मिळून ओटा पुसला. पुसून होईपर्यंत पाच-दहा मिनिटे गेली असतील. बाहेर येऊन यांनी विचारले, "सातशे एक करू या का?" आणि आम्ही दोघेही हसलो.

दूध उतू का जाते हे आपल्याला माहीत असते. वर सायीचा पापुद्रा धरतो, खालची वाफ अडून राहते, आणि मग ती सगळे दूधच वर उचलून घेऊन येते. त्या वेळी कुणी दुधाला समजावत बसत नाही, की बाबा रे, एवढे उकळण्यासारखे झाले तरी काय? आधी आच कमी करायची. नाहीतर पातेल्यावर आडवा एक लाकडी डाव ठेवायचा. बाकीचे सगळे नंतर.

त्या दिवसापासून आमच्यात एक संकेत ठरला. दोघांपैकी ज्याला आपली वाफ अडल्यासारखी वाटेल त्याने म्हणायचे, "दूध बघून येते," किंवा "दूध बघून येतो," आणि उठायचे. शेगडीवर दूध असो वा नसो. आमच्याकडे वरचेवर येणारे यांचे एक मित्र एकदा मला म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे दूध फार तापवतात बुवा!"

या संकेताला दोन नियम मात्र आहेत, आणि ते नसतील तर तो संकेत विषासारखा. पहिला नियम, जाणाऱ्याच्या पाठीमागून वाक्य फेकायचे नाही. "जा, जा, तेवढंच येतं तुम्हाला!" असे म्हटले की संपलेच. आणि दुसरा नियम, जाणाऱ्याने परत यायचे. अर्ध्या तासाने, जेवणानंतर, फार तर उद्या सकाळी. पण केव्हा ते सांगून जायचे, आणि यायचे. परत न येणे म्हणजे अबोला. दूध बघायला जाणे निराळे आणि घरातल्या घरात भिंत होऊन बसणे निराळे. पहिल्याने आच कमी होते. दुसऱ्याने समोरचा माणूस एकटा पडतो, आणि एकटे पडल्याचा राग हा डब्याच्या झाकणाच्या रागापेक्षा कितीतरी मोठा असतो. गॉटमन यांनीही संसार पोखरणाऱ्या चार गोष्टींत या भिंतीसारख्या गप्प बसण्याला जागा दिली आहे. बाकीच्या तीन म्हणजे स्वभावावर घसरणारी टीका, तुच्छता, आणि काहीही म्हटले तरी स्वतःचा बचाव.

तसे पाहिले तर आपल्या लोकांना हे नवीन नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या बासष्ट-त्रेसष्टाव्या श्लोकांत रागाचा सगळा जिनाच पायरी-पायरीने दाखवला आहे. एखाद्या गोष्टीचा मनाशी घोळ, त्यातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह, आणि मग स्मृती नाहीशी होणे. या स्मृतीच्या पायरीपाशी मी नेहमी थांबते. रागावलेला माणूस सर्वांत आधी काय विसरतो? तापाने फणफणलेल्या आपल्याला कुणी रात्रभर उशाशी बसून घड्या बदलल्या होत्या, हे विसरतो. आणि ते विसरल्यावर त्याच्या तोंडात एक शब्द येतो: ‘नेहमी’. "तुम्ही नेहमी असंच करता!" "तू कधी म्हणून माझं ऐकलं नाहीस!" हे ‘नेहमी’ आणि हे ‘कधीच’ ज्या वाक्यात येतात त्या वाक्यात खोटेपणा किती असतो, हे घरातले कॅलेंडर काढून पाहिले तर कळेल. म्हणून मी माझ्यापुरती एक खूण ठरवली आहे. जिभेवर ‘नेहमी’ आला, की दूध बघायला जायची वेळ झाली.

आपल्या साहित्यालाही रुसव्याफुगव्यांचे वावडे नाही. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, रुसलेल्या बायका आणि मनधरणी करणारे नवरे जागोजाग भेटतात. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ नायिका सांगितल्या आहेत, त्यांतल्या एकीचे नावच ‘कलहांतरिता’, भांडणामुळे प्रियकरापासून दुरावलेली. इतकेच कशाला, खुद्द ज्ञानेश्वर लोकांच्या बोलण्याने मन दुखावून झोपडीची ताटी लावून आत बसले होते, आणि धाकट्या मुक्ताबाईला बाहेर उभे राहून त्यांना विनवावे लागले, अशी परंपरा सांगते. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट मला समान दिसते. भांडणाऱ्यांच्या जवळ तिसरे कुणीतरी असते. नायिकेला सखी असते. ज्ञानेश्वरांना मुक्ताबाई असते. जुन्या वाड्यात आत्याबाई असत, शेजारच्या माई असत. त्या विळी घेऊन भाजी निवडायला येऊन बसत आणि बोलता बोलता दोघांच्या मधला गुंता सोडवून जात. आता दोन खोल्यांच्या जागेत आपण दोघेच असतो, दार लावलेले असते, आणि सखीची जागा रिकामी असते. ती रिकामी मात्र राहत नाही. ती मूल घेते.

काही वर्षांपूर्वी मी सहावीच्या वर्गाला ‘माझे घर’ हा निबंध दिला होता. बहुतेकांनी खिडक्या, दारे, बाग आणि मांजर लिहिले. एका मुलाने मात्र वेगळेच लिहिले होते. अक्षर मोत्यासारखे, वहीला कव्हर, समास नीट आखलेला. त्याने लिहिले होते, "माझे आईबाबा चांगले आहेत. ते मोठ्या गोष्टींवरून भांडत नाहीत. ते फक्त छोट्या गोष्टींवरून भांडतात. म्हणून छोट्या गोष्टी मी सांभाळतो." पुढे यादी होती. बाबा यायच्या आधी तो दारातल्या चपला ओळीत लावतो. आईचा फोन चार्जिंगला लावून ठेवतो. न्हाणीघरातला दिवा कुणी चालू ठेवला असेल तर बंद करतो. ओला टॉवेल पलंगावरून उचलतो. रात्री पाण्याची बाटली भरून ठेवतो, "कारण ती रिकामी असली की दोघे म्हणतात, मी एकट्यानेच का भरायची."

आईवडिलांच्या मनातले सगळे खिळे अकरा वर्षांच्या त्या पोराला पाठ होते, आणि तो दिवसभर त्यांच्यावर आपला तळहात ठेवून उभा होता.

मी त्याला मधल्या सुट्टीत जवळ बोलावले आणि विचारले, "हा निबंध तुझ्या आईबाबांना दाखवला तर चालेल का रे तुला?" त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "दाखवा, बाई. पण दोघांना एकदम दाखवा. एकाला आधी दाखवलात, तर त्याच्यावरून होईल."

पालकांच्या भेटीच्या दिवशी ती दोघे आली, तेव्हा मी वही दोघांच्या मध्ये ठेवली. काही बोलले नाही. वडिलांचे वाचून आधी झाले. ते वहीकडेच पाहत राहिले. आईचे वाचून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "चपला... मला वाटायचं, तुम्ही लावता." ते म्हणाले, "मला वाटायचं, तू." एवढेच. यापलीकडे मला त्यांनी काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दोनएक महिन्यांनी त्या मुलाची वही तपासायला घेतली, तर कव्हर सुटलेले, पानावर शाईचा डाग, आणि गृहपाठ अर्धाच. "हे काय रे?" म्हटले, तर "राहिलं, बाई," असे म्हणून तो पळाला. त्या अर्ध्या गृहपाठाखाली मी लाल शाईने ‘पूर्ण करून आण’ असे लिहिले खरे, पण इतक्या आनंदाने तो शेरा मी कधीच लिहिला नव्हता. त्या घरातली भांडणे थांबली असतील असे मी म्हणत नाही. छोट्या गोष्टींचा कारभार मोठ्यांनी आपल्याकडे परत घेतला असावा, एवढेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘किरकोळ’ हा शब्द फार लबाड आहे. टेबलावरचा उष्टा कप ही किरकोळ गोष्ट आहे, असे बहुधा ज्याला तो कधी उचलावा लागत नाही तो म्हणतो. जी बाई रोज सात कप उचलते तिचा राग कपावर नसतो. तो सातांवर असतो. तिथे संकेत नको, कप विसळायला हात हवा. आणि जिथे हात उगारला जातो, जिथे बाईला घरात भीतीने वावरावे लागते, तिथे तर दूध बघून येण्याच्या गोष्टी कुणी तिला सांगू नयेत. ते भांडण नव्हे, तो जुलूम आहे, आणि त्यासाठी २००५ सालचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. मी बोलते आहे ते दोन भल्या माणसांबद्दल. जी एकमेकांचे वाईट चिंतत नाहीत आणि तरीही संध्याकाळच्या संध्याकाळी एकमेकांची मने ओरबाडत बसतात. अशी घरे पुष्कळ आहेत. बाहेरून ती सुखी दिसतात, आणि थोड्याशा युक्तीने ती आतूनही सुखी होण्यासारखी असतात.

दिवाळी हा तर खिळ्यांचा हंगामच. माळा साफ करताना जुने सामान टाकायचे की ठेवायचे, चकली मोडली तर भाजणीचा दोष की हाताचा, पहाटेच्या अंघोळीला आधी कोण उठणार, भाऊबीजेला आधी कुणाकडे जायचे, आकाशकंदिलाची वायर आखूड कुणी आणली! माणसे दमलेली असतात, पाहुण्यांपुढे हसून हसून गाल दुखत असतात, आणि एवढ्यात कुणीतरी म्हणते, "मी सांगितलं होतं ना!" पाडव्याच्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो तबकात काहीतरी घालतो. तबकात घालायचे ते घालावेच. पण निरांजन विझल्यावर दोघांनी दोन मिनिटे बसून एकमेकांना एक प्रश्न विचारायला हरकत नाही: माझे कुठले वाक्य ऐकले, की तुला मी दिसेनासा होतो? मी दिसेनाशी होते? उत्तर चटकन येणार नाही. दिवे मालवून विचारलेत तर कदाचित येईल.

आणि तरीही शब्द वाढू लागलाच, तर सिएटलच्या त्या जोडप्यांना मासिके द्यावी लागली होती. आपल्याकडे दिवाळी अंक आयताच घरात आहे. तो हातात घ्या, किती वेळाने परत येणार ते सांगून उठा, आणि सांगितलेल्या वेळी परत या. एखादी गोष्ट वाचता वाचता अर्धी राहील. राहू द्या. ती उद्याही वाचता येते.